पाहणे हीसुद्धा साधना

मयूर विहारमधील आपल्या साप्ताहिक अभ्यासवर्गात काही दिवसांपूर्वी एक प्रश्न निघाला. युवा गटातील काही जण गुरुग्रामच्या मॉलमधील आइस रिंकवर स्केटिंग करून आले होते. बर्फावरील नृत्याचा प्रयोग दिल्लीच्या आसपास कधी आला तर सर्वांनी मिळून पाहायला जावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर एका ज्येष्ठ काकांनी शांतपणे विचारले, "तिकिटाचे पैसे आणि अख्खी संध्याकाळ खर्चून दुसऱ्याच्या उड्या आणि गिरक्या पाहायच्या, यात साधकाचे हित काय?"

कोणी म्हणाले, निखळ करमणूक आहे, त्यात वाईट काय? कोणी म्हणाले, तेच पैसे अन्नदानाला द्यावेत. पैशांचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या ऐपतीनुसार आणि विवेकानुसार सोडवावा. पण काकांच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. आपण पाहतो, तेव्हा आपण नक्की काय करत असतो? पाहणे हे कर्म आहे का? आणि असेल, तर त्याचे चांगले-वाईट कशावर ठरते?

यासाठी आधी हा खेळ थोडा समजून घेऊ. फिगर स्केटिंगमधील 'फिगर' म्हणजे आकृती. पूर्वी स्पर्धेत खेळाडूला पात्याच्या धारेने बर्फावर वर्तुळे आणि आठच्या आकड्यासारख्या आकृत्या काढाव्या लागत. परीक्षक वाकून त्या रेषा तपासत. १९९० नंतर मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हा भाग वगळला गेला, पण परीक्षण राहिलेच. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये परीक्षकांवरून मोठा वाद झाला आणि सहा गुणांची जुनी पद्धत जाऊन प्रत्येक उडीचा, प्रत्येक गिरकीचा वेगळा हिशेब ठेवणारी पद्धत आली. पडले की गुण कापले जातात.

याच खेळाला रंगमंचावर नेणाऱ्यांमध्ये इंग्लंडच्या जॉन करी यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १९४९ चा, बर्मिंगहॅमचा. लहानपणी त्यांना नृत्य शिकायचे होते. मुलाने नाचणे वडिलांना मान्य नव्हते, पण स्केटिंग हा 'खेळ' असल्याने त्याला परवानगी मिळाली. १९७६ मध्ये त्यांनी युरोपीय, ऑलिम्पिक आणि जागतिक अशी तिन्ही विजेतेपदे एकाच वर्षी मिळवली आणि लगेच स्पर्धा सोडली. पुढे त्यांनी स्वतःचा संच उभारला, नामवंत नृत्यदिग्दर्शकांकडून रचना बसवून घेतल्या आणि १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर बर्फ घालून प्रयोग केले. आर्थिक अडचणींमुळे तो संच फार वर्षे टिकला नाही. १९९४ मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी, करी यांचे निधन झाले.

स्पर्धेत आणि नाट्यगृहात बर्फ तोच, पाती तीच, उडीही तीच. मग बदलले काय? समोर बसलेला माणूस बदलला. स्पर्धेत समोर परीक्षक असतो, नाट्यगृहात प्रेक्षक.

लेखांच्या भाषांतराची सेवा करताना 'द्रष्टा', 'साक्षी', 'प्रेक्षक' या शब्दांपाशी वारंवार थांबावे लागते. तेव्हा एक गंमत लक्षात आली. परीक्षा, अपेक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा आणि प्रेक्षक हे सगळे शब्द एकाच 'ईक्ष्' धातूपासून आले आहेत. ईक्ष् म्हणजे पाहणे. मागचा उपसर्ग बदलला की पाहण्याची जात बदलते. आपल्या अभ्यासवर्गातील प्रश्नाचे उत्तर या शब्दांमध्ये सापडू शकते.

तिकीट काढून बसलेला प्रत्येक जण प्रेक्षक असतोच असे नाही. 'मागच्या मुलीची गिरकी जास्त छान होती' असे मनात आले की आपण परीक्षक झालो. 'एवढे पैसे दिले, आता काहीतरी थरारक दिसलेच पाहिजे' ही झाली अपेक्षा. थोडे संथ नृत्य सुरू झाले की हात मोबाइलकडे जातो, ती उपेक्षा. आणि सर्वांत अवघड आहे ती प्रतीक्षा. साधारण चार मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर एक माणूस वेगाने येतो, हवेत झेपावतो, आणि आपण श्वास रोखतो. तो श्वास कशाची वाट पाहत असतो? ती व्यवस्थित उतरावी याची, की पडावी याची?

कोणी म्हणेल, हा आरोप अन्यायाचा आहे. कोणी पडावे असे कोणालाच वाटत नाही. धोका असतो म्हणून तर कौशल्याचे मोल कळते. हे खरे आहे. जमिनीवरच्या साध्या चालीचे आपण कौतुक करत नाही. पुरलेल्या मल्लखांबावर तोल सांभाळणाऱ्या मुलाला पाहून जो आनंद होतो, त्यातही तोल जाण्याची शक्यता गृहीत असतेच. पण धोक्यामुळे कौशल्य उठून दिसणे वेगळे आणि धोक्याचीच चव लागणे वेगळे. दोन्हींतला फरक बाहेरून दिसत नाही. तो ज्याचा त्याला, आतच तपासता येतो. त्यासाठी एक खूण आहे. कोणी पडल्यावर आपले मन आधी कुठे जाते? तिला लागले का, इकडे? की 'अरेरे, बिघडले' या हळहळीकडे? पहिल्यात माणूस दिसतो, दुसऱ्यात फक्त वस्तूचा दर्जा.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त प्रसन्न राहण्यासाठी चार भावना सांगितल्या आहेत: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि अपुण्याविषयी उपेक्षा. यातील मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्यात आपला आनंद. करुणा आपल्याला तुलनेने सोपी जाते, कारण दुःखी माणूस आपल्यापेक्षा खाली आहे असे मनाला वाटते. दुसऱ्याचे श्रेष्ठत्व पाहून मनात काही न टोचणे कठीण. बर्फावरचे नृत्य म्हणजे मुदितेच्या सरावासाठी चालून आलेली संधी आहे. समोरची व्यक्ती जे करते ते आपल्याला या जन्मी जमणार नाही, हे उघड असते. स्पर्धेला जागाच उरत नाही. मन मोकळे ठेवले, तर आनंद सहज येतो. तो अनुभव एकदा ओळखीचा झाला, की आपल्याच वर्गातल्या, आपल्याच कार्यालयातल्या माणसाचे यश पाहतानाही तो आठवू शकतो.

करुणेविषयीही एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. १९११ मध्ये 'मानापमान' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये कॅनडाच्या जोआनी रोशेट यांच्या आईचे स्पर्धेच्या दोन दिवस आधी हृदयविकाराने निधन झाले. त्या बर्फावर उतरल्या आणि कांस्यपदक मिळवले. ही दोन दुःखे पुढे जगाला कळली. जी कधीच कळत नाहीत, ती किती असतील! समोर हसत गिरकी घेणाऱ्या माणसाच्या मागे काय आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. म्हणून कौतुक करताना हात आखडता घेऊ नये आणि चूक झाल्यावर जीभ सैल सोडू नये.

इथे आपल्यासारख्या साधकांचा एक गैरसमजही होऊ शकतो. 'आपण साक्षी आहोत, सगळे दृश्य आहे, कोणी पडो वा सावरो, आपण अलिप्त राहावे.' हा साक्षीभाव नाही, ही उपेक्षा आहे. साक्षीने आपल्या मनातील तुलना, हाव, कंटाळा यांपासून अलिप्त व्हायचे असते, समोरच्या जीवापासून नव्हे. आतला गोंधळ जितका शमतो, तितका समोरचा माणूस स्पष्ट दिसतो. खरा साक्षी म्हणूनच कोरडा नसतो.

मयूर विहारहून यमुनाकाठी अगदी जवळ अक्षरधाम आहे. तेथील 'सहज आनंद' या पाण्याच्या आणि प्रकाशाच्या प्रयोगात केनोपनिषदातील कथा दाखवतात. विजयाने फुगलेल्या देवांसमोर यक्ष एक गवताची काडी ठेवतो. अग्नीला ती जाळता येत नाही, वायूला ती हलवता येत नाही. आपल्यापैकी अनेकांनी पाहुण्यांना घेऊन तो प्रयोग पाहिला असेल. कथा कर्त्याच्या अहंकाराची आहे, पण पाहणाऱ्यालाही ती लागू पडते. 'मी पैसे मोजले आहेत, मला हवे ते मिळालेच पाहिजे' हा प्रेक्षकाचा अहंकार. व्यवहारात हा हिशेब नीट मांडला पाहिजे. तिकिटाने आपल्याला आसन मिळते. समोरच्या कलावंताची वीस वर्षांची पहाटेची मेहनत, तिचे दुखरे घोटे, तिची निष्ठा यांची किंमत तिकिटात मावत नाही. ते आपल्याला जवळजवळ दानच मिळते. दान घेताना माणूस नम्र होतो.

आणि असे पाहायला बर्फच हवा असेही नाही. सोसायटीच्या गणेशोत्सवात आपली मुले व्यासपीठावर उभी राहतात. ती नाचता नाचता पहिल्या रांगेत आई-बाबांचा चेहरा शोधतात. तिथे त्यांना मोबाइलची पाठ दिसते, किंवा शेजारच्या मुलाशी तुलना करणारी नजर. घरी आल्यावर पहिला प्रश्न येतो, "नंबर कितवा आला?" त्या वेळी त्या मुलाला परीक्षक भरपूर मिळालेले असतात. त्याला एक प्रेक्षक हवा असतो.

म्हणून काकांच्या प्रश्नाला नम्रपणे असे उत्तर द्यावेसे वाटते: जरूर जावे, पण परीक्षकाची वही घरी ठेवून जावे. प्रयोग सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटे डोळे मिटून समोर येणाऱ्या प्रत्येकाचे भले चिंतावे. कोणी पडले, तर ती उठेपर्यंत मनाने तिच्यासोबत राहावे, आणि उठल्यावर टाळी वाजवावी. मध्यंतरात तुलना टाळावी. प्रयोगानंतर बर्फावर पुन्हा पाणी फिरवून तो गुळगुळीत केला जातो आणि संध्याकाळभर उमटलेल्या सगळ्या रेषा पुसल्या जातात. त्या रात्री मेट्रोतून घरी परतताना आपण स्वतःला विचारावे की आपल्या मनावर कोणती रेषा उमटली, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या माणसाकडे पाहताना ती टिकते का, ते पाहावे.