गाडी रात्री कुठे असते?

सॅन होजेला मुलाकडे होते तेव्हा सकाळी फिरायला निघालं की पार्किंगमध्ये एक काळी गाडी दिसायची. आजूबाजूच्या गाड्यांवर कॅलिफोर्नियाच्या नंबरप्लेटा, हिच्यावर तेवढी मोंटानाची. मोंटाना तिथून हजारेक मैलांवर. गाडी मात्र रोज त्याच जागी, टपावर समोरच्या झाडाची पानं घेऊन उभी.

मालक आपलाच मराठी मुलगा, माझ्या मुलाच्या ऑफिसातला. चहाला आला तेव्हा विचारलं, "तू आधी मोंटानाला होतास का रे?"

"नाही काकू, मी कधी गेलोच नाही तिथे. गाडी माझ्या तिथल्या कंपनीच्या नावावर आहे."

त्या कंपनीला ना ऑफिस, ना नोकर, ना धंदा. तिथला एजंट फी घेऊन कंपनी काढून देतो, स्वतःचा पत्ता देतो आणि नंबरप्लेट घरपोच पाठवतो. मोंटानात विक्रीकर नाही. कॅलिफोर्नियात तो किमान ७.२५ टक्के, म्हणजे ऐंशी हजार डॉलरच्या गाडीला ५,८०० डॉलर. स्थानिक कर आणखी वेगळे. कंपनी काढणं कायदेशीरच आहे. पण गाडी कॅलिफोर्नियात ठेवायची, तिथेच चालवायची आणि तिथला कर चुकवायचा, हे तिथल्या कायद्याला मान्य नाही. अशा गाड्या कळवण्यासाठी तिथल्या हायवे पोलिसांनी नागरिकांना सोय करून दिली आहे.

"सगळेच करतात काकू," तो म्हणाला. मी तापाने फणफणले होते तेव्हा मध्यरात्री याच मुलाने, याच गाडीतून मला दवाखान्यात पोचवलं होतं. त्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटेना.

माझ्या मुलाने सहज विचारलं, "विम्याच्या फॉर्मवर गाडी रात्री कुठे असते ते लिहावं लागतं ना? तू काय लिहिलंस?"

तो गप्प झाला. कपातला चहा तसाच ठेवून मोबाइल बघत बसला.

तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. गाडी रात्री जिथे उभी राहते, तिथलाच रस्ता ती झिजवते. तिथल्याच सिग्नलला थांबते. अपघात झाला तर तिथलीच अँब्युलन्स धावते. त्या सव्वासात टक्क्यांतला सव्वा टक्का शहराला आणि काउंटीला मिळतो, त्यातला पाव टक्का वाहतुकीच्या कामांसाठी असतो. आम्ही दवाखान्यात गेलो तो रस्ता त्या रात्री गुळगुळीत होता. त्याच्या शेजाऱ्यांनी भरलेल्या पैशांतून तो झाला होता. ज्यांच्याकडे एजंटची फी द्यायला पैसे नाहीत, जुनी टोयोटा वापरणारे जे लोक आहेत, ते कर मुकाट्याने भरतात. मला हे फार लागतं. सवलत हवी तर ती मागावी, कर जाचक वाटला तर त्याविरुद्ध भांडावं; पण आपला वाटा गुपचूप शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकू नये.

आपल्याकडचा १९८८ चा मोटार वाहन कायदा तरी वेगळं काय विचारतो? कलम ४० प्रमाणे मालक जिथे राहतो किंवा जिथे त्याचा व्यवसाय आहे आणि गाडी नेहमी ठेवली जाते, तिथे नोंदणी करायची. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा.

हे कलम वाचताना मला आमच्या घरातलं लाइट बिल आठवलं. मी कोल्हापूरची, माहेर बेळगावचं. धाकट्या भावाने सहा वर्षांपूर्वी गाडी घेतली. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के कर, कर्नाटकात त्याहून जास्त. "ताई, तुझा पत्ता लावू?" असं त्याने विचारलं आणि मी कपाटातून बिल काढून दिलं. एक क्षणही विचार केला नाही. एजंट पैसे घेऊन पत्ता देतो, मी मायेपोटी दिला. गाडी त्या दिवसापासून बेळगावातच आहे, 'एमएच ०९' घेऊन.

परत आल्यावर त्याला फोन केला. आधी तो हसला, मग वैतागला. "आता सहा वर्षांनी? आरटीओच्या किती खेपा होतील माहितीये? एनओसी काढा, इथे परत कर भरा, तिकडचा परतावा मागा."

"इकडच्या खेपा मी घालते," मी म्हटलं. "तू फक्त आरसी बुक पाठव."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "रविवारी जेवायला येतोय. घेऊन येतो."