अर्जाचा हक्क व ऐकण्याचें कर्तव्य

राज्यकर्त्यांपुढें गाऱ्हाणें मांडण्याचा हक्क धनिकास व निर्धनास सारखाच आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेंत तर तो १७९१ सालींच लेखी मान्य झाला. मग मोठ्या सॉफ्टवेअर-कंपन्यांनीं कायदेमंडळांत आपल्या हिताची खटपट केली, ज्यास तिकडे लॉबिंग म्हणतात, तर त्यांत दोष तो कोणता, असा प्रश्न सुज्ञ लोकही करितात. एका उदाहरणावरून त्याचा विचार करूं.

फोनवरील अ‍ॅप लोकांपर्यंत पोंचविण्याची वाट मुख्यतः अ‍ॅपल व गूगल या दोन कंपन्यांच्या हातीं आहे. अ‍ॅपमधील डिजिटल विक्रीवर त्या दीर्घकाळ शेंकडा ३० कमिशन घेत. २०२१ सालीं लहान विकासकांपुरता तो दर १५ वर आला. ही जकात देतो विकासक, परंतु किंमतींतून तिचा भार बहुधा ग्राहकावरच पडतो. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें अमेरिकन सिनेटमध्यें ‘ओपन अ‍ॅप मार्केट्स अ‍ॅक्ट’ हें विधेयक आलें. अन्य दुकानांतून अ‍ॅप घेण्याची व अन्य मार्गानें पैसे भरण्याची मोकळीक मिळावी, हा त्याचा हेतु. फेब्रुवारी २०२२ मध्यें न्यायविषयक समितीनें तें २० विरुद्ध २ मतांनीं संमत केलें. कंपन्यांनीं कसून विरोध केला; आणि सभागृहांत मतदान न होतांच, काँग्रेसची मुदत संपून जानेवारी २०२३ मध्यें तें बाद झालें.

पहारा उठल्यास फसवे अ‍ॅप शिरतील, हें कंपन्यांचें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. परंतु तें एका पक्षाचें म्हणणें आहे. दोघातिघांनीं चालविलेल्या उद्योगास वॉशिंग्टनमध्यें कायमचा वकील ठेवणें परवडत नाहीं. आणि ग्राहकास तर आपण काय गमावलें याची वार्ताही नसते, कारण जें अ‍ॅप निर्माणच झालें नाहीं त्याची उणीव कोणास भासणार?

म्हणून आमच्या मतें दोष अर्ज करणारापेक्षां एकाचाच अर्ज ऐकून निवाडा करणाराकडे अधिक जातो. आपल्या शास्त्रकारांनीं सिद्धान्तापूर्वीं पूर्वपक्ष मांडण्याचा दंडक पाळला; प्रतिपक्षी समोर नसला तरी त्याचें म्हणणें ते स्वतः मांडीत. कायदे करणारानेंही तेंच करावयास हवें. लॉबिंगवरील खर्च जाहीर करण्याचें बंधन अमेरिकेंत १९९५ च्या कायद्यानें आहे, व तें इष्टच आहे. पण त्यानें बोलणारा कोण तें कळतें, न बोलणारा कोण तें कळत नाहीं. मौन हें संमतीचें लक्षण म्हणतात. परंतु ज्यास बोलावणेंच गेलें नाहीं त्याच्या मौनास संमति मानणें हा अन्यायच होय.