खाऱ्या बांधावरून एक फेरी

निघण्याआधी पंचांग बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण हाती येते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. खाडीत आतपर्यंत पाणी थोडे उशिराच पोहोचते. तो बेत धरून हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी अलिबाग-पेणच्या खारेपाटात, धरमतर खाडीलगतच्या बांधावर या. फेरी सोपी आहे, चढण कुठेच नाही. खाडीच्या कडेने बाहेरच्या बांधावरून जायचे आणि शेतांमधून आतल्या बांधाने परतायचे. प्यायचे पाणी सोबत घ्या. घाई मात्र घेऊ नका.

चालू लागण्यापूर्वी जागेवरच उभे राहा. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला कापणी झालेली भातखाचरे. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी या खाचरांपेक्षा वर चढते. दोघांच्या मध्ये आहे तो एवढा मातीचा बांध. आगरी शेतकऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी खाडीतला चिखल उचलून तो घातला, फुटला की पुन्हा घातला. आपले दोन्ही तळवे त्या मातीवर सारखे टेकले आहेत का, एवढेच बघा. मग चाला.

थोड्या वेळाने वास येईल, कुजका आणि गंधकासारखा. नाक मुरडू नका. या गाळात हवा शिरत नाही. पडलेला पाला हवेविना कुजतो आणि त्याचा हा वास. तिथेच तिवरांच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली बोटाएवढी मुळे दिसतील, शेकड्यांनी. खाली हवा मिळत नाही म्हणून ही मुळे वर येतात आणि ओहोटीच्या वेळात श्वास घेऊन ठेवतात. भरती आली की ती पाण्याखाली जातील. आता ओहोटी आहे. तुम्हीही तीन श्वास घ्या, सावकाश. पुढचा विचार नंतर करू.

चिखलावर काहीतरी टुणकन उडाले तर ती निवटी, पाण्याबाहेरही वावरणारी मासळी. शेकाट्या लांब लाल पायांनी उथळ पाण्यातून जात असेल. त्यांच्याकडे बघत राहा, नावे आठवली नाहीत तरी चालेल.

आता तिवराचे एक पान हातात धरा, तोडू नका. त्यावर बोट फिरवून बोट जिभेला लावा. खारट लागेल. कोरड्या दुपारी याच पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. सकाळी दहिवरात ते विरघळलेले असतात. तिवर बरेचसे मीठ मुळांशीच अडवते, आणि तरीही आत आलेले पानांवाटे बाहेर टाकते, रोज थोडे थोडे. तुमच्या आयुष्यातला खार कोणता, ते मनाशी आणा. घरातले लांबलेले आजारपण असेल, न फिटणारे कर्ज असेल, कोणाचे तरी जाणे असेल. त्यातले किती रोजच्या रोज बाहेर टाकता? बोलून, रडून, घाम गाळून?

पुढे कांदळ भेटेल, खोडापासून कमानीसारखी मुळे फेकून उभा असलेला. त्याच्या पानाला मीठ लागणार नाही. तो पाणी मुळांशीच गाळून घेतो आणि जवळजवळ सगळा खार दाराबाहेर ठेवतो. अशीही माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांना कठोर म्हणण्याआधी त्या मुळांकडे एकदा नीट बघा. गाळत राहणे हेही चोवीस तासांचे कष्ट आहेत.

बांधाच्या उतारावर मोरस पसरलेली असते, बुटकी, जाडसर रसाळ पानांची, कुठे हिरवी, कुठे लालसर. ती मीठ आत घेते आणि पानातच साठवते; पण त्याबरोबर पाणीही साठवते, म्हणून त्या मिठाने ती जळत नाही. काही दुःखे अशीच असतात. ती टाकता येत नाहीत, अडवताही आली नाहीत. त्यांच्याभोवती ओल वाढवावी लागते. माया, काम, गाणे, चार जिवाभावाची माणसे.

इथे बसा. मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी बघा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असते. तुमच्या नाडीत वाहणाऱ्या रक्तात लिटरमागे सुमारे 9 ग्रॅम. मिठावाचून ही नाडी चालणार नाही. त्याचे प्रमाण राखण्यासाठी तुमचे शरीर रात्रंदिवस राबते, तुम्हाला न विचारता. मिनिटभर त्या राबण्याकडे लक्ष द्या.

उठा, आणि आतल्या बांधाकडे वळा. वळणावर उघाडी दिसेल, बांधातले पाणी जाण्याचे दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा तिची झडप मिटते. ओहोटीला बाहेरचा जोर ओसरला की आतले पाणी तिला ढकलून निघून जाते. चोवीस तासांत दोन वेळा मिटायचे, दोन वेळा उघडायचे. सतत उघडी राहिली तर शेत बुडेल, सतत मिटलेली राहिली तर आतले पाणी तुंबून पीक कुजेल.

आता पावलाखाली शेतबांध आहे. कधी उधाणात बाहेरच्या बांधाला खांड पडते आणि खारे पाणी खाचरात शिरते. ते ओसरले तरी मीठ मातीत राहते. ते काढायला कुदळ उपयोगाची नाही. पावसाळ्यात गोडे पाणी खाचरात साठू द्यायचे, त्यात मीठ विरघळू द्यायचे, आणि ओहोटी बघून उघाडीतून सोडून द्यायचे. पुन्हा साठवायचे, पुन्हा सोडायचे. एका पावसाळ्यात हे भागेलच असे नाही. अशा जमिनीत राता नावाचा खार सोसणारा लाल भात पिकवत इथल्या लोकांनी ती वर्षे काढली आहेत.

उरलेली वाट गप्प चाला. तिवर, कांदळ की मोरस, आपण कोणासारखे, हे आज ठरवू नका. एकाच माणसाला वेगवेगळ्या वयांत तिन्ही करावे लागते. आणि जिथे खांड पडून गेली आहे तिथे स्वतःला एक-दोन पावसाळे द्या. पाऊस पाडणे आपल्या हातात नाही. बांध दुरुस्त ठेवणे आहे, आणि ओहोटीला उघाडी उघडते की नाही, एवढे अधूनमधून बघून येणे आहे.