दुधाच्या आठ पिशव्या : टंचाईच्या काळातील साधना



आपल्या संकेतस्थळासाठी मी भाषांतराची सेवा करते. इतरांचे विचार मराठीत आणायचे, एवढेच एरवी माझे काम. आज प्रथमच स्वतःचा अनुभव लिहीत आहे. भाषांतर करताना एक शब्द मला वहीत नीट जमला, पण चारच दिवसांनी तो जगण्याची वेळ आली तेव्हा जमला नाही. ते कबूल करावे, असे बरेच दिवस मनात होते.

तो शब्द म्हणजे अपरिग्रह. पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांपैकी हा शेवटचा. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. ‘परि’ म्हणजे सगळीकडून आणि ‘ग्रह’ म्हणजे धरणे. सगळीकडून कवटाळून धरणे हा परिग्रह, आणि तसे न करणे हा अपरिग्रह. हे स्पष्टीकरण लिहिले तेव्हा मला फार समाधान वाटले होते. तारीख होती २ डिसेंबर २०२३.

पाण्यातले चार दिवस

बाबांच्या नोकरीमुळे आम्ही चेन्नईला वेळाचेरी भागात राहतो. मी इथेच बी.कॉम. करते. ३ डिसेंबरच्या रात्रीपासून मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस सुरू झाला. वादळ किनाऱ्याजवळून अगदी संथ सरकत होते, त्यामुळे पाऊस थांबेचना. सोमवारी, ४ तारखेला विमानतळ बंद झाला. आमच्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी शिरले, वीज गेली, फोन लागेनासे झाले. ५ तारखेला वादळ आंध्रात बापटलाजवळ जमिनीवर चढले आणि आमच्याकडचा पाऊस ओसरला. पाणी मात्र ओसरले नाही.

चेन्नईत पहाटे घराघरांच्या दाराला अडकवलेल्या पिशवीत दुधाच्या पिशव्या येऊन पडतात. ‘आविन’ हा तमिळनाडूच्या सहकारी दूध महासंघाचा ब्रँड, आणि त्याची निळी पिशवी इथल्या सकाळीचाच एक भाग आहे. तमिळमध्ये दुधाला ‘पाल’ म्हणतात. आम्ही नवीन आलो तेव्हा शेजारच्या आजींनी दारात उभे राहून “पाल आली का?” असे विचारले होते, आणि आई घाबरून भिंतीकडे बघू लागली होती! त्या डिसेंबरात मात्र तीन दिवस सगळी इमारत हाच प्रश्न विचारत होती आणि कुणी हसत नव्हते.

बुधवारी सकाळी बाबा आणि मी गुडघाभर पाण्यातून मुख्य रस्त्यावर गेलो. एका दुकानात दूध आले होते. वीस रुपयांची अर्ध्या लिटरची पिशवी तो पन्नासला देत होता आणि पैसे देईल त्याला हव्या तितक्या देत होता. रांगेत माझा नंबर आला. घरी आम्ही तीन माणसे. मी आठ पिशव्या घेतल्या. हातात मावेनात, म्हणून दोन्ही हातांनी छातीशी कवटाळल्या. माझ्या मागच्या पाचव्या-सहाव्या माणसापाशी दूध संपले. मागे वळून पाहिले तेव्हा एक बाई रिकामा स्टीलचा डबा घेऊन उभ्या होत्या. मी नजर खाली घातली आणि चालू लागले.

घरी आईने दोन पिशव्या तापवल्या. बाकीच्या सहा बंद पडलेल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, अजून थोडा गारवा असेल या आशेवर. गुरुवारी सकाळी त्या सहाही फुगल्या होत्या. वास येत होता. मी त्या मोरीत ओतल्या.

तासाभराने दार वाजले. दुसऱ्या मजल्यावरच्या पाट्टी होत्या. पाट्टी म्हणजे आजी. तळमजल्यावरचे कुटुंब पाणी शिरल्यापासून त्यांच्याकडे राहत होते. त्या कुटुंबात दीड वर्षांचा मुलगा आहे. दोन दिवस त्याला भाताची पेजच पाजत होते. पाट्टींनी विचारले, “अर्धा पेला दूध असेल का गं, बाळासाठी?”

तापवलेले जे उरले होते ते आईने सगळे दिले. पण मोरीतून वास अजून येत होता. तो पाट्टींनाही आला असणार. त्या काही बोलल्या नाहीत.

सहा पिशव्या म्हणजे तीन लिटर. पाव लिटरप्रमाणे बारा मुलांचे एका दिवसाचे दूध. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हा हिशेब करायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

मी चुकले कुठे?

मी काही चोरले नव्हते. पैसे देऊन, रांगेत उभी राहून घेतले होते. तरीही मनाला ते चोरीसारखेच लागत राहिले. यमांच्या यादीत अस्तेय आणि अपरिग्रह दोन्ही का आहेत, हे मला तेव्हा उमगले. दुसऱ्याच्या मालकीचे घेऊ नये, एवढ्याने भागत नाही. आपल्या मालकीचे झाले तरी ते दुसऱ्याच्या गरजेचे असू शकते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी फक्त स्वतःसाठी शिजवणाऱ्याला फार कडक शब्द वापरला आहे. तो श्लोक मी अनेकदा म्हटला होता, पण त्यात फ्रिजही येतो हे लक्षात आले नव्हते.

दुधाचा तुटवडा तरी का झाला? गावोगावच्या गाई-म्हशींनी दूध देणे थांबवले नव्हते. कुठे वीज नव्हती, कुठे कामगार पोहोचू शकत नव्हते, कुठे वाटपाच्या गाड्या पाण्यात अडकल्या होत्या. दूध होते, त्याचा प्रवाह खंडित झाला होता. मग जे थोडे येत होते ते माझ्यासारख्यांनी आपापल्या घरी अडवून धरले. निम्मा तुटवडा वादळाने केला असेल, तर उरलेला आमच्या भीतीने केला.

आमच्या अभ्यासक्रमात याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. चाबूक धरणाऱ्याचे मनगट थोडेसेच हलते, पण टोक केवढ्याने फटकारते! ग्राहक घाबरून दोन किलो डाळीऐवजी चार किलो घेतो. दुकानदाराला वाटते मागणी वाढली, तो घाऊक व्यापाऱ्याकडे आणखी जास्त मागतो, आणि घाऊक व्यापारी गिरणीकडे त्याहूनही जास्त. एका स्वयंपाकघरातली शंका साखळीच्या दुसऱ्या टोकाला टंचाई होऊन पोहोचते. परीक्षेत मी यावर उत्तर लिहून चांगले गुण मिळवले होते. चाबकाची मूठ आपल्याच हातात असते, हे त्या उत्तरात लिहायचे राहून गेले होते.

कोठाराची किल्ली

आपल्या परंपरेत दामाजीपंतांची कथा सर्वांना ठाऊक आहे. ते मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळात लोक अन्नावाचून तडफडत असताना त्यांनी बादशहाचे धान्याचे कोठार उघडले. पुढे विठ्ठलानेच विठू महाराचे रूप घेऊन बिदरला धान्याची रक्कम भरली, असे भक्त सांगतात. लहानपणी मला या कथेतला चमत्कार आवडायचा. आता मन त्याच्या आधीच्या क्षणापाशी थांबते. दामाजींच्या हातात किल्ली होती आणि बाहेर माणसे होती. देव कधी येणार, येणार की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी किल्ली फिरवली.

तुकाराम महाराज तर किराणा दुकानदाराच्या घरचे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, घरातली माणसे गेली. एवढे सोसलेला माणूस उरलेले घट्ट धरून बसला असता, तर कुणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. टंचाईने माणूस आवळतो किंवा मोकळा होतो. परिस्थिती तीच असते.

मी राहते त्या प्रांतातलेही एक उदाहरण सांगते. चेन्नईच्या दक्षिणेला कडलूर जिल्ह्यात वडलूर नावाचे गाव आहे. रामलिंग स्वामींनी, म्हणजे वळ्ळलारांनी, १८६७ मध्ये तिथे भुकेल्यांसाठी धर्मशाला उघडली आणि चूल पेटवली. ती चूल आजही पेटती ठेवली आहे. इतकी वर्षे पुरेल असा साठा कुठल्या कोठारात मावेल? ती चूल येणाऱ्या-जाणाऱ्या धान्यावर चालते. कुणी आणून देतो, कुणी शिजवतो, कुणी जेवतो. साठा नासतो, प्रवाह टिकतो. माझ्या सहा पिशव्यांनी मला हेच शिकवले, पण फार महाग शिकवले.

थांबणे हीसुद्धा साधना

त्याच महिन्यात आणखी एक धडा मिळाला. साताऱ्याहून आजीने ज्वारीचे पीठ, मेतकूट आणि गोडा मसाला पाठवला होता. पार्सल दहा दिवस अडकले. मोबाइलवर रोज तोच निरोप यायचा: “माल वाटेत आहे.” शेवटी पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाचा नंबर मिळाला आणि मी त्याच्यावर चिडले. तो एवढेच म्हणाला, “कोंजम वेट पण्णुंगा, अक्का.” म्हणजे थोडे थांबा, ताई.

दुसऱ्या दिवशी तो आला. वय माझ्याएवढेच असेल. पाण्यात राहून पायांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. पार्सल मात्र त्याने प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून कोरडे आणले होते. मला माफी मागायची होती, पण तमिळ शब्द सापडेना. आईने त्याला बसवून गरम चहा दिला. दूध त्या दिवशी होते.

आपण मागवलेली वस्तू उशिरा येते तेव्हा आपल्याला पडद्यावरचा निरोप दिसतो, त्यामागची माणसे दिसत नाहीत. त्याच डिसेंबरात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते, म्हणून अनेक जहाजे सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. त्या जहाजांवरचे खलाशीही कुणाची तरी वाट पाहत असतील, आणि त्यांचीही कुणी तरी. वाट पाहताना मन कसे ठेवायचे, एवढेच आपल्या हातात आहे. बसून केलेल्या जपात मन किती स्थिर झाले, याची परीक्षा बहुधा अशा वेळीच होते.

संतोष म्हणजे अन्याय सोसणे नव्हे

इथे एक गैरसमज नको. जे मिळेल त्यात समाधान मानावे, याचा अर्थ काळाबाजार मुकाट्याने चालू द्यावा असा नाही. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे बेकायदेशीर आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. व्यापाऱ्याच्या साठेबाजीला आळा घालायला १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. पण हा कायदा गोदामापर्यंत पोहोचतो, आपल्या फ्रिजपर्यंत नाही. तिथे अपरिग्रहच लागतो.

त्या दिवशी पन्नास रुपये मागणाऱ्या दुकानदाराचा मला खूप राग आला होता. नंतर वाटले, त्याने माझ्या भीतीची किंमत लावली होती आणि मी ती आठ वेळा मोजली.

आमच्या घरी ठरवलेले नियम

त्यानंतर आम्ही तिघांनी बसून काही साधे नियम केले. आपल्यालाही उपयोग होईल म्हणून देते.

१. पावसाळ्याआधी, बाजारात मुबलक माल असताना, आठवडाभराचे कोरडे सामान भरून ठेवायचे. यात दुधाची पावडरही आली. वेळीच केलेली तयारी म्हणजे साठेबाजी नव्हे. टंचाई सुरू झाल्यावर घाबरून भरणे ही साठेबाजी.

२. टंचाईत रोजच्या गरजेपुरतेच घ्यायचे. पैसे देण्याआधी एकदा मागे वळून रांग पाहायची.

३. इमारतीत लहान मूल, आजारी माणूस, एकटे वृद्ध कोण आहेत हे आधीच माहीत करून घ्यायचे. मी चार वर्षे त्या इमारतीत राहत होते, पण तळमजल्यावरच्या बाळाचे नाव मला ठाऊक नव्हते.

४. एखादी वस्तू मिळाली नाही तर त्या दिवसापुरते ते व्रत समजायचे. चहा कोरा प्यायचा. एकादशी आपण स्वेच्छेने करतो, ही आलेली एकादशी.

५. वस्तू उशिरा आली तर आणणाऱ्यावर राग काढायचा नाही. त्याला आधी पाणी विचारायचे.

शेवटी

पाणी ओसरल्यावर मी पाट्टींकडे गेले आणि मोरीत ओतलेल्या दुधाबद्दल सांगून टाकले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, २०१५ च्या पुरात त्या स्वतः दोन रात्री अनोळखी माणसांच्या घरी होत्या. त्या घरात एकच भाताचे पातेले होते आणि माणसे चौदा. “पुरलं का?” मी विचारले. त्या हसल्या. “सगळ्यांना थोडं थोडं कमी पडलं. म्हणून सगळ्यांना पुरलं.”

इतके दिवस मी अपरिग्रहाचे भाषांतर शोधत होते, ते त्या आजींच्या तोंडी सापडले.

साधकहो, वादळे पुन्हा येतील, गाड्या अडकतील, दुकानांच्या फळ्या रिकाम्या होतील. तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात लहानशी का होईना, एक किल्ली असेल. ती फिरवण्याचे बळ आपल्याला लाभो, हीच गुरुचरणी प्रार्थना.