इक्बालांची ‘खुदी’

मुहम्मद इक्बाल आपल्याला एका गाण्यापुरते ठाऊक असतात. १९०४चा ‘तराना-ए-हिंदी’, म्हणजे ‘सारे जहाँ से अच्छा’, शाळेत आपण सगळ्यांनीच म्हटला आहे. पुढे १९३० साली अलाहाबादला, मुस्लिम लीगच्या अध्यक्षपदावरून, वायव्येकडच्या मुस्लिमबहुल प्रांतांचं एक राज्य व्हावं असं ते म्हणाले. एवढं कळलं की ‘माणूस बदलला’ म्हणून आपण मोकळे होतो. मधली सव्वीस वर्षं न वाचलेलीच राहतात.

१९१५ साली त्यांचं ‘असरार-ए-खुदी’ हे फारसी काव्य आलं. खुदी म्हणजे मीपणा. सूफी परंपरेत तो विरघळवायचा असतो. ‘मीपणा गळो’ हे कीर्तनात ऐकत वाढलेल्या मराठी मनालाही हा शब्द टोचतोच. सियालकोटला जन्मलेल्या, केंब्रिज आणि म्युनिकमध्ये तत्त्वज्ञान शिकलेल्या इक्बालांनी त्याचा अर्थच पालटला. इच्छा, प्रेम आणि कष्ट यांनी ‘स्व’ बळकट करावा, कारण बळकट ‘स्व’च ईश्वरासमोर उभा राहू शकतो, असं त्यांचं म्हणणं. गुलामीत असहायतेलाच सद्गुण मानू लागलेल्या समाजासाठी हे औषध होतं, आणि ते कडू होतं. हाफिजसारख्या लाडक्या कवीवर त्यांनी त्यात टीका केली. गदारोळ झाला, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीतून त्या ओळी गाळल्या. विचार मात्र सोडला नाही.

इस्लामी विचाराच्या पुनर्रचनेवरच्या व्याख्यानांत त्यांनी ‘इज्तिहाद’वर, म्हणजे धर्मशास्त्राचा स्वतंत्र बुद्धीने नव्याने अर्थ लावण्यावर भर दिला. मला हे इक्बाल सर्वांत मोठे वाटतात. युरोपातल्या राष्ट्रवादावरची त्यांची टीकाही पटते. पहिल्या महायुद्धाने ती खरी ठरवली. अलाहाबादचं उत्तर मात्र पटत नाही. मातीला दैवत करू नका म्हणणाऱ्या विचारवंताने पंजाब, सरहद्द, सिंध, बलुचिस्तान अशी प्रांतांची नावं मोजावीत, इथे त्यांचं तत्त्वज्ञान तोकडं पडलं.

तरीही १९३२च्या ‘जावेदनामा’ या त्यांच्या काव्यात, सूफी कवी रूमीचा हात धरून आकाशलोक फिरताना, त्यांना विश्वामित्र भेटतो, भर्तृहरी भेटतो. तोच भर्तृहरी, ज्याची शतकं वामन पंडितांनी मराठीत आणली. तराना पाठ असलेल्या प्रत्येकाने ‘जावेदनामा’ अनुवादातून का होईना, एकदा वाचावा, आणि मग इक्बालांशी भांडावं.