उभे राहण्याचा प्रश्न

कळंब तालुक्यातील एका पारधी वस्तीवर आम्ही काही मंडळी गेलो होतो. या भागात पारध्यांच्या वस्तीला 'पिढी' म्हणतात. गावाच्या शिवारात, रस्त्यापासून थोडी आत, वीस-पंचवीस घरे; काही पत्र्याची, काही कुडाची. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती आणि पिढी ज्या प्रभागात मोडते त्यातील एक जागा अनुसूचित जमातीच्या स्त्रीसाठी राखीव होती. तेथील एका बाईंनी उभे राहावे, असा वस्तीतल्या बायकांचा आग्रह चालला होता. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. कोणाचे रेशनकार्ड अडले, कोणाच्या लेकराला शाळेत दाखला मिळेना, की पदर खोचून तहसिलात जाणाऱ्या त्याच. तरीही त्या राजी नव्हत्या. आम्ही कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, मतं मागायची म्हंजी आपला मोठेपणा आपल्याच तोंडानं सांगायचा. आमच्यात पंच कुणी मागून होत नाही. अन् गावातल्या मोठ्या लोकांनी उभं केलं, तर हात मी वर करायचा अन् ठराव त्यांचा. मग कशापायी?"

परतीच्या वाटेवर आम्ही बराच वेळ गप्प होतो. बाईंनी एका दमात दोन प्रश्न विचारले होते आणि दोन्ही अस्सल होते. स्वतःसाठी सत्ता मागणे हे सभ्य माणसास शोभते काय? आणि दुसऱ्याच्या मेहेरबानीने मिळणारी सत्ता घेण्यात काही अर्थ आहे काय?

पहिला प्रश्न आम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्या घरांतही "राजकारण नको रे बाबा" हे वाक्य चांगुलपणाचे लक्षण मानले जाते. धर्मग्रामाच्या परिषदेवर नाव सुचवले तरी भला माणूस आधी दोनदा नाही म्हणतो. या संकोचाची दुसरी बाजू शास्त्यांच्या पुस्तकात योथामाने सांगितलेल्या दृष्टान्तात आहे. झाडे आपल्यासाठी राजा शोधावयास निघाली. जैतुनाने तेल सोडण्यास नकार दिला, अंजिराने गोडवा, द्राक्षवेलीने रस. शेवटी काटेरी झुडूप तेवढे तयार झाले, आणि माझ्या सावलीला या, नाहीतर जाळून टाकीन, अशी धमकीही त्याने दिली. हा दृष्टान्त आपण सत्तालोभी माणसावरचा ताशेरा म्हणून वाचतो. परंतु झुडपाला सिंहासन मिळाले ते फळझाडांच्या नकारामुळे, हे सहसा कोणी बोलत नाही. तिघांचीही कारणे सात्त्विक होती. परिणाम मात्र सगळ्या रानाने भोगावयाचा होता.

संत थॉमस अक्विनास यांनी बिशपपदाची इच्छा धरावी काय, या प्रश्नाचा विचार करताना पदातील कार्य, पदाची उंची आणि पदाचा मानमरातब या गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. लोकांचे भले करण्याची इच्छा स्तुत्य. उंचीची किंवा मानाची इच्छा सदोष. इतकेच सांगून ते थांबत नाहीत. वरिष्ठांनी सोपवलेली जबाबदारी हट्टाने नाकारणे हाही दोष होय, असे ते म्हणतात. म्हणजे नम्रता नकारातच असते असे नाही. कधी कधी नकार हा आपली चादर स्वच्छ ठेवण्याचा हिशोब असतो.

परंतु बाईंचे म्हणणे याहून खोल होते. "आमच्यात पंच कुणी मागून होत नाही." जातपंचायतीतील पंचांची जागा वयाने, घराण्याने, दराऱ्याने ठरते. त्या व्यवस्थेने या समाजास पुष्कळ दिले, हे नाकारता येणार नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला, संशय मात्र संपला नाही. ज्यांच्यासाठी ठाण्याचे दार म्हणजे मारहाणीचे दार होते, त्यांनी आपले तंटे आपल्या पंचांपुढे न्यावेत, यात नवल नाही. पण त्याच परंपरेतील दिव्याचा प्रकार आपल्याच जिल्ह्यात परंडा येथे फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडकीस आला: चारित्र्य सिद्ध करण्यासाठी एका स्त्रीला पतीने उकळत्या तेलातून नाणे काढावयास लावले. सामाजिक बहिष्काराला आळा घालणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ साली संमत झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. कायदा आवश्यकच होता. तरी ज्या पंचाला कोणी निवडले नाही त्याला कोणी काढूही शकत नाही, ही मूळ अडचण कायद्याने सुटत नाही.

येथे आम्हांस मत मागण्याच्या कृतीचा निराळा अर्थ दिसू लागला. जो मागतो तो समोरच्यास "नाही" म्हणण्याचा अधिकार देतो. न मागता बसलेल्या पंचापुढे वस्तीतील विधवेला "नाही" म्हणता येत नाही. दारी आलेल्या उमेदवाराला ती म्हणू शकते, आणि पाच वर्षांनी पुन्हा म्हणू शकते. तेव्हा उभे राहणे म्हणजे केवळ मोठेपणा मिरवणे नव्हे. ते स्वतःस इतरांच्या निवाड्याखाली ठेवणेही आहे. बाईंना ज्यात अहंकार दिसत होता, त्यातच एका प्रकारची लीनता दडलेली आहे.

कोणी म्हणेल, निवडणुकीवाचूनही उत्तरदायित्व शक्य आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावी ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, त्याआधी अभ्यासगटात विषयाचा ऊहापोह होतो, आणि २००९ साली या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला. हे उदाहरण आम्ही आदराने मानतो. परंतु मेंढ्यात सगळे गाव एका बरोबरीने बसते. धाराशिव जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा येथे लागू नाही. २०११ च्या जनगणनेनुसार येथील अनुसूचित जमातींचे प्रमाण जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास आहे. जेथे एकाकडे शेत आणि विहीर, तर दुसऱ्याकडे त्याच शेतातली मजुरी, तेथे 'बिनविरोध' हा शब्द कधी एकोप्याचा असतो, कधी भीतीचा, आणि कधी पैशाचा. जानेवारी २०२१ मध्ये पदांच्या लिलावामुळे राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका रद्द केल्या, हे विसरता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. राखीव जागेवर उमेदवार पारधी असला तरी मते साऱ्या प्रभागाची असतात. पिढीची मते थोडी, गावाची अधिक. त्यामुळे गावातील वजनदार मंडळी आपल्या मुठीत राहील असाच उमेदवार शोधतात. त्यातून जातवैधता प्रमाणपत्राची वाट: पाल पाठीवर घेऊन फिरलेल्या आजोबांचा १९५० पूर्वीचा कागद आणावा कोठून? तो मिळवण्यासही पुन्हा कोणाचा तरी हात धरावा लागतो. अशा वेळी बाईंनी काय करावे? पाठिंबा घेतला तर बांधिलकी, नाकारला तर पराभव.

या पेचावर आमच्याजवळ सोपा तोडगा नाही. एवढे मात्र आम्हांस वाटते की मदत घेणे आणि विकले जाणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर उघड बोलण्याने राखले जाते. कोणासाठी काय करणार आणि काय करणार नाही, हे मतदानापूर्वी चारचौघांत सांगितलेला माणूस नंतर सहजासहजी कोणाच्या खिशात जात नाही. जे बंद दाराआड ठरते तेच माणसाला बांधून टाकते. आणि हे धैर्य एकट्या उमेदवाराकडून मागणे अन्यायाचे होईल. दुबळ्याने स्वाभिमानाने उभे राहावे अशी अपेक्षा करावयाची आणि आपण मात्र त्याच्याबरोबर तहसिलाची पायरीसुद्धा चढावयाची नाही, हा आपल्या चांगुलपणातील खोटेपणा होय. योथामाच्या रानात इतर झाडेही होती. त्यांनी द्राक्षवेलीला मांडव घालून देऊ, असे म्हटल्याचे कोठे लिहिलेले नाही.

बाईंनी अखेर अर्ज भरला. पिढीपुढे आणि गावच्या पारावर त्यांनी एकच गोष्ट सांगितली: पिढीला पाण्याची टाकी आणि स्मशानाला जागा, याखेरीज कोणाचा शब्द मी घेतलेला नाही. त्या निवडून आल्या नाहीत.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. हरल्याचे वाईट वाटते काय, असे विचारण्याचा आमचा धीर होईना. त्यांनीच विषय काढला. "भाऊ, गावातल्या कैक दारांत म्या आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिले, ते बी भाकर मागाया न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "पुढच्या बारीला माझी पोरगी अठराची पार असंल. एकवीस लागतात म्हणं उभं राहायला. तवर तिचा दाखला काढून ठिवते."