भूतदया आणि रानातली भूक

मुक्या जिवाला घास भरवणे पुण्याचे मानणाऱ्या समाजात रानातून धरून आणलेला प्राणी घरी ठेवणे सहसा क्रूरपणाचे वाटत नाही. त्याला वेळच्या वेळी खायला मिळते, एवढ्यावर पाळणाऱ्याचे समाधान होते. मात्र सरपटणारे प्राणी आणि उभयचर, म्हणजे आयुष्याचा काही भाग पाण्यात व काही जमिनीवर काढणारे बेडकासारखे प्राणी, यांची भूक ऊन, माती, ओल आणि ऋतू यांच्याशी बांधलेली असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय भूतदयेचा विचार पुरा होत नाही.

हे प्राणी शीतरक्ती, म्हणजे शरीराला लागणारी ऊब मुख्यतः बाहेरून मिळवणारे आहेत. धामणीने उंदीर गिळला तरी तो पचवण्यासाठी तिला ऊब लागते आणि ती न मिळाल्यास गिळलेले भक्ष्य ती बहुधा ओकून टाकते. बेडूक भक्ष्य ओळखतो ते हालचालीवरून. त्यामुळे मेलेल्या माश्या पुढ्यात पडलेल्या असतानाही तो उपाशी राहू शकतो. तस्करीतून घराघरांत पोचणाऱ्या तारांकित कासवाला गवत-पाल्याऐवजी पोळी-भात मिळाला आणि उन्हातील अतिनील किरणांना ते मुकले, तर अन्नातील कॅल्शियम हाडांत मुरत नाही व कवच मऊ पडून वेडेवाकडे वाढते. नागपंचमीला नाग दूध पितो तो तहानलेला ठेवल्यामुळे. ते दूध त्याला पचत नाही.

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात विहीर हा शेतीचा प्राण असल्याने, पाणी स्वच्छ राहते या समजुतीने विहिरीत कासव सोडण्याची रीत विशेष विचारात घ्यावी लागते. मागच्या पायांवर कातडी झाकणे असलेले पाणकासव शंखगोगलगायी, मासे, बेडूक व पाणवनस्पती खाते आणि पाणी आटले की चिखलात स्वतःला गाडून घेते. उभ्या बांधीव विहिरीत त्याला थोडेफार अन्न मिळेलही, पण ऊन खायला काठ नाही, अंडी घालायला माती नाही. म्हणजे ते जगले तरी त्याचा वंश तेथेच खुंटतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी पकडणे हीदेखील शिकारच ठरते. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्यावर नाग, धामण, घोरपड, तारांकित कासव हे पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीसाठी 3 ते 7 वर्षे कैद व किमान 25 हजार रुपये दंड आहे. गुप्तधनाच्या भ्रमापायी पकडले जाणारे निरुपद्रवी मांडूळही संरक्षित आहे.

याचा अर्थ माणसाने या जिवांना कधीच खाऊ घालू नये, असा नव्हे. शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथील सर्पराज्ञी प्रकल्पासारख्या ठिकाणी जखमी प्राण्याला दिला जाणारा आहार त्याने पुन्हा रानात स्वतःचे भक्ष्य मिळवावे यासाठी असतो, तर घरातल्या पेटीतला घास त्याला कायमचा परावलंबी करतो. म्हणून आधीच पाळलेला प्राणी कोणत्याही माळावर सोडून न देता, त्याच्यापासून रोग पसरू नयेत व तो स्वतः तगावा यासाठी, वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवून स्वाधीन करावा. आणि ज्याला या जिवांना खरोखर पोसायचे आहे, त्याने बांधावरची झुडपे तोडू नयेत, ओढ्याकाठची ओल राखावी व कीटकनाशकांची फवारणी बेताने करावी; कारण बेडकाचे किडे आणि धामणीचे उंदीर त्याच बांधावर वाढतात, आणि तेथे त्यांना घास भरवण्यासाठी कोणाच्या हाताची गरज पडत नाही.